डावा मुंढा

रुचिरा गेल्याचं मला कळलं तेव्हा तिचा हिरवा ब्लाउज माझ्या समोर हँगरला लटकत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता ती तो परत घेऊन येणार नाही. रडू नंतरचं. म्हणजे आलंच तर. सोमवार होता, अकरा वाजून गेले होते, दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं, कारण पूर्ण वर केलं की बायका लगेच आत शिरतात आणि मला आधी निवांत चहा लागतो. फोन वाजलाही नाही, नुसता मशीनच्या फळीवर थरथरला. शाळेच्या ग्रुपवर सुबोधने लिहिलं होतं की आपल्या सर्वांची लाडकी रुचिरा आज सकाळी आपल्याला सोडून गेली. दूध तापवताना ओट्याशीच कोसळली, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सुबोध आमचा मॉनिटर. तेव्हा फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, आता कोण गेलं आणि कोणाला नात झाली ते लिहितो. ‘आपल्या सर्वांची लाडकी’ हे मी तीनदा वाचलं. माझी आई गेली तेव्हा याच सुबोधने याच ग्रुपवर कळवलं होतं आणि खाली अकरा जणांनी हात जोडले होते. रुचिरासाठी माझा चहा गार होईपर्यंत अडतीस. असलं काही मोजू नये हे मलाही कळतं. पण मी शिंपीण आहे, मोजण्यातच माझं आयुष्य गेलं, आणि रुचिराच्या बाबतीत तर मी दुसरं काही केलंच नाही.

ब्लाउज तयार होता. हूक लावून झाले होते, आतल्या शिवणीवर इस्त्री फिरवून झाली होती, वर तिच्या नावाची चिठ्ठी टाचणीने टोचली होती. मुलीच्या साखरपुड्यात नेसायच्या पैठणीवरचा. गेल्या आठवड्यात माप द्यायला आली तेव्हा कापड हातावर पसरून म्हणाली होती, मालन, हा रंग मला शोभेल ना गं, की आता वय झालं? तिला काय शोभत नव्हतं? शाळेचा निळा पिनाफोर आम्हा सगळ्यांना पोत्यासारखा व्हायचा, तिला तेवढा अंगासरसा बसायचा, आणि तो तर तिच्या मावसबहिणीचा जुना होता. मी म्हटलं होतं, शोभेल की. चेहरा सरळ ठेवून म्हटलं होतं. तसा तो मी गेली चाळीस वर्षं तिच्यासमोर सरळच ठेवत आले.

पाचवीपासून आम्ही एका बाकावर. मुलुंडच्या त्या शाळेत बाकावर तिघी बसायच्या, ती मधे, मी तिच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला कोण ते दर वर्षी बदलायचं, मी तेवढी कायमची. तिचं नाव रुचिरा, असलं नाव तेव्हा आमच्या वस्तीत कोणी ऐकलंही नव्हतं. बाई हजेरी घेताना ते नाव जरा सावकाश उच्चारायच्या. माझं नाव आजीचं. माझे वडील मिलच्या संपात बसले ते बसलेच. तिच्या वडिलांनी संपाच्या आधीच मिल सोडून बेस्टमध्ये नोकरी धरली होती. दोघंही एकाच गावचे, एकाच खात्यात शेजारी शेजारी साचे चालवणारे. एकाने वेळेवर पाय काढला, एकाने नाही. तिच्या डब्यात अंड्याची पोळी असायची आणि ती अर्धी माझ्या डब्यात टाकायची, विचारायचीही नाही. ती न विचारता टाकायची याचाच मला राग यायचा. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि नको म्हणायला मिळालं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. गणितात ती पहिली, मी विसाव्या नंबरच्या आसपास कुठेतरी. वक्तृत्वात ती, कबड्डीत ती, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ ती. शिवाय ती चांगली होती. हे सगळ्यांत वाईट. वाईट असती तर मी तिचा द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते. पण चांगल्या माणसाचं करायचं काय? त्याचा हेवाच करता येतो, आणि हेवा कुठे जात नाही. जेवायला बसलात तरी तो शेजारी पाट मांडून असतो.

एक गोष्ट मात्र माझी होती. आठवीत कार्यानुभवाला शिवण आलं, वनमालाबाई शिकवायच्या. धावदोरा, उलटी टीप, हातशिलाई, काजं, सगळे टाके कापडाच्या तुकड्यांवर घालून वहीत चिकटवायचे. तिथे पहिल्यांदा असं झालं की रुचिरा चुकली आणि मी नाही. तिचा टाका वाकडा जायचा, दोऱ्याला गाठी पडायच्या, बोटाला सुई टोचली की ती हसायची. माझे हात आपोआप चालायचे. बाईंनी माझी वही वर धरून वर्गाला दाखवली त्या दिवशी मी घरी चालत न जाता जवळजवळ पळत गेले. आईला सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, “बघ गो, तुझ्या हातात जा आसा ता तिच्या नाय.” तिलाही ठाऊक होतं म्हणजे, की मी कोणाशी मापं लावत असते. नववीत प्रदर्शनासाठी प्रत्येकीने एक झबलं शिवायचं होतं. रुचिराचं झबलं बाकी बरं झालं होतं, वर तिने दोन पिवळी बदकंही भरली होती, पण काजं काही जमेनात. मधल्या सुट्टीत तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, मालन, करशील? मी डबा न खाता तिची तीन काजं करून दिली. का केली? मला तिला दाखवायचं होतं. माझ्या काजाशेजारी तिची शिवण कशी गबाळी दिसते ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटत होतं. पहिला नंबर तिच्या झबल्याला आला. बदकांमुळे. आणि बक्षीस घ्यायला वर गेल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं की बाई, काजं मालनने केलीत. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्या शाळेला सांगितलं की यश मिळाल्यावरही खरं बोलावं ते असं. टाळ्या दुप्पट झाल्या. म्हणजे काजं माझी, बक्षीस तिचं, आणि खरं बोलण्याचं श्रेयही तिचंच. मी खाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. अजून कधी कधी एखादं काज करताना त्या टाळ्या मला ऐकू येतात आणि माझा दोरा ताणला जातो.

पुढचं साधंच आहे. ती कॉलेजात गेली, बँकेत लागली, चांगला नवरा मिळाला, मुलुंड पूर्वेला बाराव्या मजल्यावर घर झालं, तिच्या खिडकीतून खाडी आणि मिठागरं दिसतात. मी शिवणाचा डिप्लोमा केला, लग्न केलं, नवरा आता नालासोपाऱ्याला दुसरीकडे राहतो, आणि मी कांजूरमार्गला, जिथे वारा फिरला की डंपिंगचा वास भाताच्या वाफेत मिसळतो. मंगळसूत्र घालते, कारण गिऱ्हाइकांना प्रश्न पडलेले मला आवडत नाहीत. सतरा वर्षांपूर्वी मुलुंड स्टेशनच्या बाहेर, गल्लीत, हे दुकान घेतलं. तिसऱ्याच दिवशी ती दारात उभी. अगं, तू इथे? मला सांगायचं नाही? म्हणाली, आणि स्टुलावर बसलीसुद्धा. पर्समधून ब्लाउजपीस काढून म्हणाली, आता मी दुसऱ्या कोणाकडे जाणारच नाही, मला मेलीला तर साधं हूकही धड लावता येत नाही. मी टेप घेतला आणि तिच्याभोवती फिरवला. छाती, कंबर, बाही, मुंढा. पहिल्यांदाच मी तिला अशी हातात धरत होते. तिच्या मानेला चंदनाच्या साबणाचा वास होता. मापं वहीत लिहिली, कापड कापायला घेतलं, आणि डाव्या बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्याखालचा गोल, मी दोन सूत कमी खोल कापला. जेमतेम पाव इंच. डोळ्याला दिसत नाही. पण हात वर केला की काखेत काचतं.

मी हे ठरवून केलं. उगाच कशाला खोटं बोलू? सतरा वर्षांत तिचे साठेक ब्लाउज मी शिवले असतील आणि प्रत्येकाचा डावा मुंढा दोन सूत कमी होता. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचा नाही. माझा हात चांगला आहे, ठाण्याहून बायका येतात. तिचा तेवढा. पहिल्यांदा केला तेव्हा मनात आलं होतं की आता ही दिवसभर बँकेत बसेल आणि दर वेळी हात वर करताना हिला कुठेतरी थोडंसं टोचेल, काय ते कळणार नाही. मला जसं टोचतं तसं. चार दिवसांनी ती ब्लाउज घेऊन आली, काखेत हात घालून म्हणाली, इथे जरा घट्ट होतंय गं, मीच सुटलेय. मी बाजूची टीप उसवून थोडं सैल करून दिलं. तेवढ्या वेळात ती स्टुलावर बसून बोलली. सासूचं, बँकेचं, शाळेतल्या कोणाकोणाचं. वडापाव मागवला, अर्धा माझ्यापुढे ठेवला, न विचारता. मग ते तसंच ठरून गेलं. ब्लाउज न्यायचा, चार दिवसांनी परत आणायचा, अर्धा तास बसायचं. हळूहळू मला कळेनासं झालं की मी मुंढा तिला टोचावं म्हणून कमी कापते की तिने परत यावं म्हणून. ती गेल्यावर मी चिडचिड करायचे. ती आठवडाभर आली नाही तर जास्त करायचे. डावाच मुंढा का, हेही मी खूप उशिरा स्वतःला विचारलं. बाकावर मी तिच्या डाव्या बाजूला बसायचे ना.

दुपारी बाराच्या सुमारास तिच्या जावेचा, मानसीचा फोन आला. आवाज बसलेला. ती म्हणाली की हॉस्पिटलातून आणतायत, दोनपर्यंत घरी येतील. सवाष्ण गेलीय, हिरवं नेसवायचं आहे, आणि पैठणी कपाटात आहे पण ब्लाउज तुमच्याकडे आहे म्हणे. मी म्हटलं, मीच घेऊन येते. फोन ठेवला आणि ब्लाउज हँगरवरून काढला. उलटा करून डाव्या काखेशी बोट फिरवलं. मी नेहमी तिथे आत भरपूर कापड सोडायचे, पुढे सैल करायला लागणारच असायचं. आताही पाच मिनिटांचं काम होतं. मी उसवणी हातात घेतली, पहिला टाका शोधला, आणि थांबले. तिने आणल्याशिवाय मी कधीच उसवलं नव्हतं. ती काखेत हात घालून दाखवणार, मग मी उसवणार. बाहेर अर्ध्या शटरखाली कोणाचेतरी पाय येऊन थांबले आणि गेले. मग ब्लाउज तसाच घडी घालून पिशवीत टाकला.

बाराव्या मजल्यावर चपलांचा ढीग दाराबाहेर लिफ्टपर्यंत आला होता. हॉलमधलं सामान भिंतीला सरकवलं होतं. कोपऱ्यात एक शिलाई मशीन होतं, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेलं, त्यावर कोणीतरी हारांची पिशवी ठेवली होती. सासूचं असेल असं मी मनात म्हटलं आणि विसरले. आतल्या खोलीत आम्ही पाच-सहा बायका होतो. रुचिरा चटईवर. तिचा चेहरा काहीतरी विचारणार असल्यासारखा होता, तोंड किंचित उघडं. एक म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, सोन्यासारखं मरण आलं, कपाळावर कुंकू घेऊन गेली. बाकीच्या माना हलवत होत्या आणि मी, माझ्या नालासोपाऱ्याच्या मंगळसूत्रासकट, तिथे उभी राहून तिच्या मरणाचाही हेवा केला. हो, केला. असं मरण, एवढ्या बायका, एवढा हिरवा रंग, हाकेला मुलगी, दाराशी उभा राहून रडणारा नवरा. माझ्या वेळी कोण येईल? दुकानाचं शटर दोन दिवस खाली दिसलं की मग कोणीतरी विचारेल. मानसीने ब्लाउज घेतला, बाहीत हात घालायचा प्रयत्न केला, जमेना. आत्याबाई म्हणाल्या, अशा वेळी पाठीतून कापतात आणि पुढून नुसता चढवतात, कात्री आणा. कोणीतरी स्वयंपाकघरातली दूध-पिशव्यांची कात्री आणली. माझ्या अस्तर लावलेल्या, इस्त्री केलेल्या ब्लाउजवर ती कात्री. मी म्हटलं, द्या इकडे, मी करते. आणि माझ्या पिशवीतली मोठी कात्री काढून पाठीचा मधला भाग गळ्यापासून खाली सरळ कापत आणला. एका रेषेत. मग तिचा डावा हात मी बाहीत घातला. तो गार होता आणि जड. ब्लाउज सहज बसला. पाठ उघडी असल्यावर कुठलाच मुंढा काचत नाही. मी तरी सवयीने तिच्या काखेशी दोन बोटं घालून पाहिलं, सैल होतं. माझ्या हातून तिच्यासाठी निघालेला पहिला नीट बसणारा ब्लाउज. ओटी भरायची वेळ आली तेव्हा मी पुढे झाले नाही. पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि लिफ्टने खाली उतरले.

नंतरच्या दिवसांत सुबोधने ग्रुपवर सगळ्यांना रुचिराची एकेक आठवण लिहायला सांगितलं. माणसं लिहीत सुटली. कोणाच्या फीचं तिने बघितलं होतं, कोणाला परीक्षेत पेन दिलं होतं, कोणाच्या घटस्फोटात रोज फोन केला होता. एकाने लिहिलं, ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण होती, आणि ज्याने लिहिलं त्याच्याशी ती दहा वर्षांत बोलल्याचं मला कधी कळलं नव्हतं. मी रागाने फोन उलटा ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे. पाचवी ते दहावी तिच्या डाव्या बाजूला कोण होतं? सतरा वर्षं त्या स्टुलावर ती कोणासमोर बसली? पण लिहायचं काय? मी तिचा मुंढा कमी कापायचे, असं? दुकानात बायका येत होत्या, मी मापं घेत होते, चुकत नव्हते. फक्त स्टुलावर कोणी बसायला लागलं की मी म्हणायचे, तिथे नको, तो पाय हलतोय. पाय हलत नव्हता.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी तिची मुलगी आली, स्वरदा. आईसारखी नाही, सावळी, उंच, चष्मा. मी तोंड उघडायच्या आत ती स्टुलावर बसली. म्हणाली की साखरपुडा घरच्या घरी ठरल्या दिवशीच करतोय, बाबांचा आग्रह आहे. मग पिशवीतून जांभळ्या कापडाचे तुकडे काढले. कापलेले. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, अस्तर वेगळं, सगळं नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं. “काकू, आईने माझा ब्लाउज कापून ठेवला होता, शिवायचा राहिला. तुम्ही शिवाल का?” मी विचारलं, कोणी कापून ठेवला? ती म्हणाली, आईने. आणि मग अगदी साधेपणाने सांगत गेली की आई लॉकडाऊनमध्ये शिकली, मशीन घेतलं, आधी मास्क शिवले, मग उशांचे अभ्रे, मग माझे कुर्ते, गेली तीन वर्षं माझे सगळे ब्लाउज आईच शिवते. तुम्हाला माहीत नव्हतं? फुलाफुलांचं कापड माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी नाही म्हटलं. जगात एकच गोष्ट होती जिथे मी तिच्या वर होते, आणि तीसुद्धा ती गुपचूप शिकून बसली होती. वर माझ्यासमोर बसून म्हणायची, मला मेलीला हूकही लावता येत नाही. मला कळवळून दिलेली भीक होती ती? अर्ध्या अंड्याच्या पोळीसारखी? आणि जिला शिवता येतं तिला मुंढा कळत नाही होय? ती स्वतः घरी बसून पाच मिनिटांत सैल करू शकत होती. तरी ऑर्डर करून वडापाव खाणार, काखेत हात घालून दाखवणार, मीच सुटलेय म्हणणार. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं आणि ती मला सोसत होती. या विचारासरशी मला इतका संताप आला की स्वरदा समोर नसती तर मी ते जांभळं कापड गटारात टाकलं असतं.

मी तुकडे टेबलावर पसरले. खोट काढण्यासाठीच पसरले. नवशिके काय काय चुकतात ते मला पाठ आहे: गळा मोठा होतो, टक्स वर जातात, बाहीची गोलाई बिघडते. यातलं काहीच नव्हतं. कातर सरळ होती, खडूच्या खुणा बारीक. मग मी पुढचे दोन भाग एकमेकांवर ठेवले. कुठलीही बाई ब्लाउज कापते तेव्हा कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापते, त्यामुळे डावं-उजवं सारखंच येतं. वेगळं यायला मुद्दाम वेगळं कापावं लागतं. हे सारखे नव्हते. डावा मुंढा दोन सूत कमी होता. मी टेप लावला. पुन्हा लावला. स्वरदाने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून आणखी एक पुडकं काढलं. वर्तमानपत्राचे कापलेले आकार, घड्या पडून मऊ झालेले. हजेरीत जिचं नाव सावकाश उच्चारलं जायचं त्या मुलीच्या अक्षरात एकावर ‘उजवा’ आणि एकावर ‘डावा’ लिहिलं होतं. खाली, लहान अक्षरात, ‘मालनप्रमाणे’. स्वरदा म्हणाली की आईने शिकायला तुमचा एक जुना ब्लाउज पूर्ण उसवला आणि त्याच्यावरून हे कागद कापले, त्यावरूनच माझे सगळे कापायची. “मी म्हणायचे आई, डावीकडे काचतंय. तर म्हणायची, काचू दे, मालनने तसं केलंय म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. तिला शाळेपासून कळतं, आपल्याला नाही कळत.”

मी कागद हातात धरून उभी होते. तिला ठाऊक नव्हतं. तिला फरक दिसला होता, तिने तो मोजला होता, दोन वेगळे कागद कापले होते, आणि तरीही तिच्या डोक्यात आलं नाही की मालन वाईट वागत असेल. ती खरंच समजत होती की तीच सुटलीय. ज्या मुंढ्यात मी सतरा वर्षं माझा सगळा हेवा घातला होता, तो तिने माझं कसब समजून जपून ठेवला, त्यावर माझं नाव लिहिलं आणि आपल्या मुलीच्या अंगावर चढवला. या पोरीने काय केलं होतं माझं? तीन वर्षं तिच्या काखेत मी टोचत होते आणि तिने मला कधी धड पाहिलंही नव्हतं. मग शिवते हे रुचिराने मला का सांगितलं नाही? विचारायला मला भीती वाटली, तरी विचारलं. स्वरदा थोडं हसली, आणि हसताना मात्र ती आईसारखी दिसली. म्हणाली की एकदा मीच म्हटलं होतं, आता तुझे ब्लाउज तूच शिव ना. तर आई म्हणाली, छे, मग मालनकडे जायला निमित्त काय राहील, ती काय मला नुसतं बस म्हणणार आहे?

खरं होतं ते. मी म्हटलं नसतं. मी खडू उचलला आणि जांभळ्या कापडावर डाव्या मुंढ्याची नवी रेघ मारली, दोन सूत आत. तेवढं कापलं की झालं, सतरा वर्षांचं काम चंद्रकोरीएवढ्या चिंधीत टेबलाखाली पडणार होतं. कात्री लावली तेवढ्यात स्वरदाने हात पुढे केला. “काकू, नको ना. डावीकडे थोडं घट्टच ठेवा. आई करायची तसं.” मी कात्री खाली ठेवली. आतापर्यंत मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, आणि जिला सांगायची ती पाठीतून कापलेला ब्लाउज घालून गेली होती. मी म्हटलं, “स्वरदा, त्याला काही कारण नव्हतं गं. ती चूक होती. मी मुद्दाम करायचे. तुझ्या आईला टोचावं म्हणून.” मला वाटलं आता उठेल, कापड गोळा करेल, निघून जाईल, आणि मला ते चाललं असतं. निदान एक गोष्ट तरी माझ्या नावावर राहिली असती. तिने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, “आई म्हणायचीच, की मालनला स्वतःचं कौतुक झालेलं सोसत नाही.”

तिला पुढे काही सांगण्यात अर्थ नव्हता. आईने सांगून ठेवलं होतं ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? माझी चूकसुद्धा रुचिराने माझ्यापाशी राहू दिली नाही. त्या चुकीवरही बदकं भरून ती वर चढून बसली आणि मी खालीच राहिले, टाळ्या वाजवत. मी खडूची रेघ बोटाने पुसली. ब्लाउज तिला हवा तसा, डावीकडे दोन सूत घट्ट शिवायचं कबूल केलं आणि शुक्रवारी न्यायला बोलावलं. ती उठली, पर्स खांद्याला लावली. मी म्हटलं, घालून बघ आणि काचलं तर परत घेऊन ये. ती हो म्हणाली. मग दारापर्यंत गेलेल्या तिला मी थांबवलं आणि म्हटलं, नाही काचलं तरी ये, येऊन नुसती बस.